दुसऱ्या पक्षाचं नाव

ॲबर्डीनहून सुटताना कप्तान म्हणाला, थोडं हलेल.
त्याचं थोडं आम्हाला माहीत आहे.
मी तळाच्या डेकवर उतरलो, साखळ्या ओढून पाहिल्या.
ट्रकांना चार-चार, मेंढ्यांच्या गाडीला सहा,
लहान गाड्यांना नुसती चाकाखाली लाकडी पाचर
आणि हँडब्रेकवर भरवसा.
मग पोलादी दार लावून घेतलं.
दर्या उसळला की खाली कुणी जायचं नाही. मीसुद्धा नाही.

फेअर आइलच्या आसपास लाट आडवी आली.
वर माणसं कागदी पिशव्यांत तोंड घालून बसली
आणि खाली एक गाडी किंचाळली,
तिचं ऐकून दुसरी, मग रांगच्या रांग.
चोर आला, चोर आला,
चाळीस गाड्या चाळीस सुरांत, बंद अंधारात.
दाराला कान लावून मी उभा.
मध्येच काच. मध्येच पत्र्यावर पत्रा,
कुणी तवा खरवडत असल्यासारखा, सावकाश, तासन्‌तास.
चोर नव्हताच.
किंवा होता तो एवढा मोठा
की गाड्यांचं त्याला काही पडलं नव्हतं.

सातला लागणारी बोट लर्विकला साडेआठला लागली.
डिसेंबर. अजून रात्रच.
लोक किल्ल्या हातात धरून जिना उतरले,
आजाऱ्याला बघायला आल्यासारखे, दबकत.

तिसऱ्या रांगेत लाल व्हॅन आणि राखाडी मोटार.
मीच लावल्या होत्या, हातानं खुणा करून,
मध्ये वीतभर जागा सोडून.
रात्रीत ती वीत संपली.
लाल रंग राखाडीच्या दाराला, राखाडी लालच्या कुशीला,
आणि व्हॅनचा एक दिवा खोबणीतून लोंबणारा.

व्हॅन गिल्बर्ट मौअटची. मोटार मायमा हालक्रोची.
दोघं येल बेटावरची, गडग्याला गडगा लागून घरं.
त्या गडग्यावरूनच अकरा वर्षं बोलणं बंद,
कोणाच्या मेंढ्यानं कोणाची कोबी खाल्ली वगैरे.
मी व्हॉल्सीचा. मला हे नंतर कळलं,
चहा पिताना, सगळ्या बोटीला माहीत होतं म्हणे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, एकमेकांकडे नाही.
‘विचारा त्यांना, हँडब्रेक ओढला होता का?’
‘सांगा त्यांना, माझ्या बापानंही ओढला नसेल इतका.’
मी दोन फॉर्म काढले, बॉनेटवर ठेवले.
गाडीचा नंबर. नुकसान. आधीचे पोचे असल्यास.
आणि सहावा रकाना, दुसऱ्या पक्षाचं संपूर्ण नाव.

गिल्बर्टनं पेन झटकलं. शाई गोठली होती बहुतेक.
मग न विचारता, न अडखळता
त्यानं शाळकरी अक्षरात लिहिलं,
जेमायमा अर्सुला हालक्रो.

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
‘यांना विचारा, अर्सुला कुठून कळलं?
माझ्या मुलांनाही ठाऊक नाही.’
मी विचारायच्या आतच तो मला म्हणाला,
‘हजेरी घ्यायचे ना मास्तर. रोज.’

ती काही बोलली नाही.
आपल्या फॉर्मवर वाकली, त्याचं नाव लिहिलं,
कारण या रकान्यात पेन टेकवून थांबली
आणि तो तसाच कोरा ठेवून सही केली.

रॅम्प खाली गेला. खारं पाणी चाकांखालून वाहिलं.
राखाडी मोटार पुढे, जरा हळूच, मला वाटलं,
मागे व्हॅन, एकाच दिव्याची,
तिच्या मागच्या लाल बत्त्यांवर नजर ठेवून.

टॉफ्टला त्यांना अजून एक बोट धरायची असते,
वीस मिनिटांची, छोटी, तिथेही दर्या तोच.
तिथल्या पोऱ्याला फोन करावा असं मनात आलं,
या दोघांना लांब लांब लाव रे बाबा.
फोन खिशातून काढलासुद्धा.

मग पाचरी गोळा करायला गेलो.